सगळे एका अंगाला

आबा,

घरात नाव घ्यायची चाललीय. लाकडाची न्हाई, फायबरची. सोळा फुटी, आत गाद्यांच्या सीटा, मागं इंजिन, धरायला मोटारीसारखं गोल चाक. सकाळी तिच्यातून जाळं टाकायचं, मासे आणायचे, आणि रविवारी बंधाऱ्यावर फिरायला येणाऱ्या लोकांना त्याच नावेतून फिरवायचं. मागं दोरीला हवा भरलेला मोठा टायर बांधायचा, त्यावर माणसं बसवायची आणि नावेनं ओढत पळवायची. यात मजा काय हे मला आधी कळलंच न्हाई. चांगला धडधाकट माणूस स्वतःला पाण्यावरून फरफटत न्यायला लावतो आणि वरून हसतो. पण तुमचा नातू म्हणतो, वरच्या धरणावर लोकं यासाठी रांगा लावून उभे राहतेत. राहत असतील. मी काही वरचं धरण पाहिलेलं न्हाई.

मला लिहायचा सराव न्हाई. चौथीतून तुम्हीच काढलं, तवा चुका झाल्या तर तुमच्या खात्यावर. भर दुपार आहे, सगळे रानात गेलेत, घरात मी एकटी. तोंडानं बोलले तर भिंतीशी बोलती म्हणतील, म्हणून कागदावर बोलून राह्यले. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. तुम्ही पाहिली ती नदी आता राहिली न्हाई. खाली बंधारा झाला. आपल्या खालच्या वावरातल्या बाभळी पाण्यात गेल्या, ती पडकी विहीर पाण्यात गेली. उन्हाळ्यात तुम्ही जिथून चालत पलीकडं जायचे, तिथं आता वैशाखातबी दोन पुरुष पाणी असतं. वरून पाहिलं तर नुसतं सपाट, चमकणारं. खाली काय काय आहे ते मला ठाऊक आहे, कारण बुडायच्या आधी मी ते रोज पाहिलंय.

आता मूळ गोष्ट सांगते. नाव घ्यायची तर माझी सही लागती. बंधाऱ्यावर नाव टाकायचा अर्ज मच्छीमार सोसायटीच्या सभासदाच्या नावानं करावा लागतो, आणि आपल्या घरात सभासद मी. तुम्हीच माझं नाव घातलं. तुम्हाला पोरगा न्हवता, मी एकटीच, आणि भोयाच्या घरातलं पाणी दुसऱ्याच्या घरात जाऊ नये म्हणून तुम्ही जावईबी घरात आणून ठेवला आणि सोसायटीच्या वहीत माझं नावबी लावलं. नाव लावलं आणि मला पाण्यावर मात्र जाऊ दिलं न्हाई. इतकी वर्षं पाण्याचा हक्क माझा आणि मी काठावर. जाळं शिवायचं काठावर, मासे निवडायचे काठावर, मंग टोपली घेऊन जीपमध्ये दाटीवाटीनं बसायचं आणि घनसावंगीच्या बाजारात जायचं. मरळ जिवंत आहे का हे मी लांबून सांगते. पण ती ज्या पाण्यातून येती त्या पाण्यात मी कंबरेच्या पुढं गेलेली न्हाई. म्हणजे तेरा वर्षांची झाल्यापासून न्हाई. त्याच्या आधीचं तुम्हाला माहीत आहे.

पोरगा जालन्याला सळईच्या कारखान्यात आहे. भट्टीपुढं उभं राहायचं काम. अकरा वर्षं झाली. त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत केस उगवत न्हाईत आता. सुट्टीला आला की पहिल्यांदा बंधाऱ्यात जाऊन बसतो, गळ्यापर्यंत, म्हशीसारखा, बाहेर यायचं नाव न्हाई. या दिवाळीला आला आणि म्हणला परत जायचं न्हाई. एक माणूस गाठ पडलाय, वरच्या धरणावर बोटिंग चालवत होता, ते तो बंद करून राह्यलाय, त्याच्याकडच्या दोन नावा विकायच्यात. पोरानं महिनाभर मोबाइलवर त्या नावा मला दाखवल्या. जेवताना दाखवल्या, जाळं शिवताना दाखवल्या. मी म्हणले, पाणी हे पोट भरायचं ठिकाण आहे, जत्रा भरवायचं न्हाई. तो चिडला न्हाई. तो चिडत न्हाई, हेच वाईट आहे. शांतपणे म्हणला, "आई, तू सही करत न्हाईस तर मी परत भट्टीवर जातो. मला दुसरं काही येत न्हाई."

बोला आता. सही केली तर पोरगा पाण्यावर, आणि लोकांची हसणारी पोरं टायरवर बसवून त्या बुडालेल्या बाभळींवरून पळवणार. न्हाई केली तर पोरगा आगीपुढं. दोन्हीकडून माझीच मान. मी विचारलं, आणि माझं काम काय? तर सगळं ठरवून बसले होते. तो नाव चालवणार, सून लोकांशी बोलणार, माझा मालक इंजिनचं तेलपाणी पाहणार, आणि मी काठावर. लोकांना जाकिटं घालायची, उतरले की काढून घ्यायची, आणि कढई ठेवून गरम मासे तळून द्यायचे. मी म्हणले बाभळीचे खुंट कुठं आहेत ते तुला कुठं माहीत आहे? पोरगा म्हणला, "तू काठावरून मोबाइलवर सांग ना, मी तसा वळवीन." मला हसूबी आलं आणि त्याच्या कानाखाली द्यावं असंबी वाटलं.

तुम्ही काहील कशी निवडली ते मला त्या दिवसांत लई आठवलं. लाकडी नाव परवडणारी न्हवती, मंग गुऱ्हाळावरची जुनी लोखंडाची काहील आणायची, रस आटवून आटवून पातळ झालेली, गोल, मोठ्या परातीसारखी, आणि तिच्यातूनच माणसं पलीकडं न्यायची. मी नऊ-दहा वर्षांची असेन. गुऱ्हाळवाल्यानं दोन काहिली पालथ्या घालून ठेवलेल्या. तुम्ही दोन्हीवर बोटाच्या पेरानं वाजवत वाजवत गोल फिरता, कान लावता, पत्रा जोडणाऱ्या रिबिटीवर जीभ लावून पाहता. गुऱ्हाळवाला म्हणतो, गोड लागली का? तुम्ही म्हणता, गंज कुठवर गेला ते बघून राह्यलो. मला बैलगाडीत त्या काहिलीच्या आत बसवून घरी आणलं, आणि सगळ्या रस्त्यानं मी तिच्यात गोल गोल सरकत होते. मंग नदीवर आणून तुमची परीक्षा. घरातली सगळी आत बसायची, पण एकाच अंगाला. पाठ काठाला टेकून, चिटकून, सगळे एकाच बाजूला. तुम्ही पाण्यात उभे, एक हात काठावर. तुम्ही म्हणायचे, नीट बसलेल्या माणसांना कोणतीबी नाव नेती. माणूस भ्याला की एका अंगाला पळतो, तवा नाव भ्यालेल्या माणसांवर पारखायची. गावात दुसरं कुणी असं करत न्हवतं. लोकं हसायचे. पण तुमच्या काहिलीतून कधी कुणी बुडालं न्हाई, हेबी गाव सांगतं.

मला वल्हं तुम्हीच दिलं. गोल काहील सरळ नेणं सोपं न्हाई, ती फिरत राहती, एकीकडं जोर दिला की तोंडच बदलतं. मी शिकले. बाजाराच्या दिवशी मी तुमच्या समोर बसून दुसरं वल्हं मारायचे आणि पलीकडच्या गावच्या बाया म्हणायच्या, भोयाची पोरगी पोरावाणी आहे. मला दिसायचं, तुम्हाला बरं वाटायचं. मंग तेराव्या वर्षी तुम्ही दुसरी काहील आणली. परीक्षेला मी, आई, आत्या, तिघी एका अंगाला बसलो. पाठ काठाला. तुम्ही मागं पाण्यात. आणि माझ्या कमरेला गार पाणी लागलं. तुम्ही म्हणले, "पाणी येतंय. तू उतर." मला, एकटीला. मी उतरले. आई आणि आत्या बसून राहिल्या आणि काहील नीट तरंगली. पुढच्या बाजारी मी वल्हं उचललं तर तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणले, तुझं वजन आता बसत न्हाई, ही काहील हलकी आहे. आत्या माझ्या दुप्पट होती, आबा. मी ते तेव्हाच पाहायला पाहिजे होतं. पण तुम्ही पाण्याबद्दल बोलले म्हणजे संपलं, असं होतं ते. मी माझ्या वजनाला दोष देत राहिले. दोन वर्षं रात्री भाकर अर्धी खायचे.

आता नावेचं ऐका. त्या माणसानं दोन्ही नावा ट्रॅक्टरच्या मागं घालून आपल्या घाटावर आणल्या. एक सपाट बुडाची, रुंद, साधी. दुसरी टोकदार बुडाची, पांढरी, निळा पट्टा, सहा जणांच्या गाद्या. मी सपाट नावेपाशी जाऊन उभी राहिले. हिच्यात जाळं पसरता येतं, उथळ पाण्यात जाती, खुंटाला इंजिनचा पंखा लागायचा न्हाई. पोरगा म्हणला, हिनं टायर ओढला जात न्हाई, ही मासेमारीचीच आहे. मंग मी पांढरीला विचारायला लागले. ओलं जाळं कुठं टाकायचं, गादीवर? माशाचं पाणी कुठून जाणार? वास आला तर रविवारची लोकं बसतील का? पंखा खुंटात अडकला तर वर उचलता येतो का? तो माणूस बराबर उत्तरं देत होता. गाद्या निघतेत, बुडाला भोक आहे, बूच काढलं की पाणी जातं, इंजिन वर उचलता येतं. मी म्हणले उचलून दाखव. त्यानं उचलून दाखवलं. मी म्हणले परत खाली कर, परत उचल. तेव्हा सून मागून म्हणली, "आत्या, तुम्ही नाव घेऊन राह्यल्या का मरळ? गलफडंबी उघडून बघा." ती मला आत्या म्हणती. सगळे हसले. मीबी हसले असते, पण मला मनातून कळत होतं की नाव चांगली आहे. मला खोट सापडत न्हवती आणि मी खोट शोधून राह्यल्ते.

मंग चालवून पाहायची म्हणून सगळे बसले. मी काठावर. मला कुणी ये म्हणलं न्हाई असं न्हाई, म्हणले, पण म्हणायचं म्हणून, आणि मी न्हाई म्हणले, म्हणायचं म्हणून. नाव मोकळ्या पाण्यात गेली. परत येताना मी पाहिलं तर चाकावर सून. पोरानं तिला शेजारी उभं राहून शिकवलं, पाचच मिनिटांत. तिनं पदर कमरेला खोचलेला, तोंड उघडं, केस सगळे मागं, आणि ती ओरडत न्हवती, हसतबी न्हवती, नुसती समोर बघत होती. तसं तोंड मी कुणाचं पाहिलं न्हाई. म्हणजे पाहिलं नसेल, स्वतःचं कुठं दिसतं. मी तिथंच काठावर खाली बसले.

त्यांनी नाव काठाला लावली तसं मी म्हणले, आपल्या घराची रीत आहे, सगळ्यांनी एका अंगाला बसायचं. पोराला ही रीत ठाऊक होती, मीच सांगितलेली. तो, सून, माझा मालक आणि तो विकणारा, चौघं एका बाजूला पाठ टेकून बसले. मी लुगडं खोचून पाण्यात गेले, कंबरेपर्यंत, आणि तुमच्यासारखा हात काठावर ठेवला. नाव थोडी कलली आणि थांबली. पक्की थांबली. खाली पोटाला काही अडकवल्यासारखी. काठ पाण्याच्या वर चांगला वीतभर होता. पोरगा पुढंच बघत म्हणला, काय म्हणती नाव, आई? आणि आबा, मी तो हात दाबला. ठरवून न्हाई, पण कळत होतं. दोन्ही पाय चिखलात रोवले आणि सगळ्या अंगाचा भार त्या काठावर टाकला. पाणी काठावरून आत गेलं, गादीवर. मी म्हणले, "पाणी येतंय. उतरा."

माझ्याच तोंडून तुमचे शब्द ऐकले आणि मी काठावरचा हात काढून घेतला. कारण मला कळलं, काठावर हात ठेवलेल्या माणसाला काय काय करता येतं. बसलेल्याची पाठ असती. त्याला नुसतं गार लागतं.

विकणारा भांडायला लागला. बाई, हिच्या दोन्ही बाजूंना हवाबंद पोकळ्या आहेत, ही भरली तरी बुडत न्हाई. पण पोरगा उतरला. त्यानं नावेकडं पाहिलंबी न्हाई. म्हणला, आईनं पाणी येतंय म्हणलं म्हणजे संपलं. अन् घरी येऊन पिशवी भरायला लागला. कारखान्याला फोन करून सांगितलं, सोमवारी येतो म्हणून. मी चुलीपुढून ते ऐकलं. माझ्यावर एवढा भरोसा त्यानं ठेवायला नको होता. तो भरोसा माझा न्हवताच, तुमच्याकडून आलेला होता.

दुसऱ्या दिवशी सून भाकरी थापून राह्यल्ती आणि मी कालवण बघत होते. ती हलक्या आवाजात म्हणली, "आत्या, तुमचा हात काठावर काय करून राह्यल्ता?" मी म्हणले, तवा तापलाय, भाकर टाक. तिनं टाकली. पलटली. फुगली तरी ती खाली बघत म्हणली, "मी मान वळवून पाण्याकडं बघून राह्यल्ते. मला दिसला." मी म्हणले, मंग जा सांग नवऱ्याला. ती म्हणली, "सांगायचं असतं तर काल सांगितलं असतं. तुम्ही सही करा. मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चालवायला भेटलंय, ते तुम्ही खाली दाबू नका." आणि दुसरी भाकर थापायला घेतली, जसं काही मिठाचंच बोलणं झालं. एवढीशी पोरगी. माझी मान तिनं असं सहज हातात धरली, आणि धरून दाबलीबी न्हाई.

तिनं धरलं म्हणून मी उठले. पोरासमोर गेले आणि म्हणले, काल वारा होता, माझं माप चुकलं, नाव चांगली आहे. तो माझ्याकडं बघतच राहिला. "तुझं? चुकलं?" माझा मालक, जो या घरात आल्यापासून माझ्यापुढं मोठ्यानं बोलला न्हाई, तो बाजेवरून म्हणला, "लिहून ठेवा रे कुणीतरी." सगळे इतके हसले की मला रडू आलं तर कुणाला कळलं न्हाई. अर्ज समोर ठेवला. मी माझं नाव सावकाश लिहिलं. नाव पूर्ण व्हायला मला वेळ लागतो. पोरानं पिशवीतले कपडे काढून परत दांडीवर टाकले. परवा नाव येती.

आता तुमचं काय करायचं, आबा? चार दिवस मी तुमच्यावर लई चिडून राह्यले. काहिलीपाशी तुमचा हात होता, आता मला पक्कं वाटतं. मंग वाटतं, आपलं पाप आपल्याला सगळ्यांच्या हातात दिसतं. कदाचित काहील खरंच हलकी असेल. कदाचित आईनं सांगितलं असेल, पोरगी मोठी झाली, लोकं बोलतेत, उतरवा तिला, आणि तुम्हाला तोंडानं न्हाई म्हणता आलं न्हाई, म्हणून तुम्ही पाण्याच्या तोंडून म्हणले. ते मला कळणार न्हाई. आईबी गेली, आत्याबी गेली. त्या दिवशी मागं वळून बघणारं आमच्यात कुणी न्हवतं.

पोराला मी हाताचं सांगितलेलं न्हाई आणि सांगणारबी न्हाई. तेवढं मला जमत न्हाई. सून बोलणार न्हाई, आणि बोलत न्हाई म्हणून मी तिला रोज जास्त भीत जाणार, हे मला दिसून राह्यलं. परवाच्या दिवसाचं सगळ्यांनी ठरवलंय. पोरगा चाकावर, मंग सून, मालक इंजिनपाशी. या खेपेला मला काठावर सोडणार न्हाईत म्हणे, मला मागच्या गादीवर बसवणार, नारळ मांडीवर देऊन. मी बरं म्हणले. बुडालेली विहीर कुठं आहे, खुंट कुठं आहेत, कुठून वळायचं, हे सगळं मी मागं बसून त्यांना ओरडून सांगीन, आणि ते इंजिनच्या आवाजात ऐकायला यायचं न्हाई.

मला चालवायचंय. एवढे दोन शब्द पोरापुढं माझ्या तोंडून निघत न्हाईत. सगळ्या बाजाराला गप करणारी बाई मी, आणि हे निघत न्हाई. तुम्ही वल्हं हातातून काढलं तेव्हा मी काय बोलले होते, हे आठवायला मी ही सगळी दुपार इथं बसले. काहीच बोलले न्हवते. मला नको असेल असंच तुम्हाला वाटलं असेल. मी तुम्हालाबी कुठं सांगितलं होतं.